‘काही नाही, शेती करतात’ असं मुलाखतीत सांगू नका

दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयातून पदविका घेतलेली किंवा बारावीनंतर बी. एस्सी. (कृषी) झालेली मुलं-मुली आता जवळजवळ प्रत्येक गावात सापडतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतील विद्यालयांतून दरवर्षी नवी तुकडी बाहेर पडते. त्यातील बहुतेकांचे डोळे सरकारी भरतीकडे लागलेले असतात. पण जागा मोजक्या आणि अर्ज करणारे हजारोंनी, ही वस्तुस्थिती कुणापासून लपलेली नाही. भरतीची वाट पाहता पाहता पोरगं तिशीला टेकतं, घरात चिडचिड वाढते आणि सोयरीक जुळवायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘मुलगा काय करतो?’

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सेवक या नावांनी आपण ओळखतो त्या पदांची निवड परीक्षेच्या गुणांवर होते. केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीतील पदांच्या मुलाखती बंद केल्या. त्यामुळे मुलाखतीची तयारी कशाला करायची, असा समज खेड्यात पसरला आहे. तो खरा नाही. बियाणे कंपनीचा फिल्ड असिस्टंट, ठिबक सिंचनाच्या डीलरकडील तंत्रज्ञ, साखर कारखान्याच्या शेतकी विभागातील कर्मचारी, दूध संकलन केंद्राचा सुपरवायझर, पीकविम्याचा सर्व्हेअर, शेतकरी उत्पादक कंपनीचा व्यवस्थापक ही कामं आपल्याच तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात आहेत. आणि ती मुलाखतीवर मिळतात. दहा-पंधरा मिनिटांच्या बोलण्यावर निर्णय होतो.

या दहा-पंधरा मिनिटांत आपली पोरं कुठं मागे पडतात? ज्ञानात नव्हे. ज्या पोराने कालपरवा कपाशीवर फवारणी केलेली असते, तोच खुर्चीवर बसल्यावर गाइडमधून पाठ केलेलं इंग्रजी बोलू लागतो. ‘वडील काय करतात?’ असं विचारलं की मान खाली घालून सांगतो, ‘काही नाही, शेती करतात.’ या ‘काही नाही’ने त्याची निम्मी मुलाखत बुडते. ज्या गोष्टीच्या जोरावर त्याला नोकरी मिळायची, तीच तो घरी ठेवून आलेला असतो.

समोरचा माणूस काय पाहत असतो?

टेबलापलीकडे बसलेला माणूस तुमची परीक्षा घ्यायला बसला आहे असं वाटतं. खरं तर तोच अडचणीत असतो. त्याला असा माणूस हवा असतो, जो उद्यापासून त्याच्या नावाने शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहील. शेतकरी विचारणार, हा माल माझ्या रानात चालेल का? नाही चालला तर जबाबदार कोण? पैसे कधी द्यायचे? या प्रश्नांना तोंड देईल, खोटं बोलून कंपनीला गोत्यात आणणार नाही आणि दोन महिन्यांत पळून जाणार नाही, असा माणूस तो शोधत असतो.

म्हणून तो तीन गोष्टी तपासतो. पहिली, हा मुलगा समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो का? दुसरी, याचं बोलणं नेमकं आहे की मोघम? तिसरी, माहीत नसलेल्या गोष्टीवर हा थापा मारतो का? भारी कपडे आणि फाडफाड इंग्रजी त्यानंतर येतं. बांधावर इंग्रजी बोलायचं नाही, हे त्यालाही ठाऊक असतं.

आपल्या शेताचा एक कागद तयार करा

मुलाखतीच्या आधी आठवडाभर एक काम करावं. एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या शेताची माहिती लिहून काढावी. एकूण जमीन किती, एकर-गुंठ्यात आणि हेक्टर-आरमध्येही. जमीन काळी भारी, मध्यम की मुरमाड. पाणी विहिरीचं, बोअरचं की कॅनॉलचं आणि ते कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं. गेल्या दोन वर्षांत कोणती पिकं घेतली, वाण कोणता, बी किती लागलं, खतं कोणती व किती दिली, रोग-कीड कोणती आली, उत्पन्न किती झालं, भाव काय मिळाला, खर्च वजा जाता हातात काय उरलं. शेवटी, जे बिघडलं ते का बिघडलं आणि पुढच्या हंगामात काय बदललं.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी बिचकायचं कारण नाही. ज्याच्या रानात मजुरीला गेलात, ज्या मामाकडे सुट्टीत राहिलात किंवा विद्यालयाच्या प्रक्षेत्रावर जे पीक घेतलं, त्याचा कागद करावा. आपण स्वतः पाहिलेलं आणि हाताने केलेलं असलं म्हणजे झालं.

हा कागद मुलाखतीत दाखवायचा नाही, डोक्यात ठेवायचा. याचा उपयोग कसा होतो ते पाहा. ‘घरी काय पीक असतं?’ असं विचारल्यावर एक मुलगा म्हणतो, ‘सोयाबीन असतं, सर.’ संपलं. दुसरा म्हणतो, ‘तीन एकर सोयाबीन असतं, सर. म्हणजे १ हेक्टर २१ आर. घरचंच बी वापरतो, म्हणून पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण पाहिली. ७८ उगवले. ७० च्या वर होती म्हणून एकरी ३० किलोच बी वापरलं. पेरणी ४५ सेंटिमीटरवर केली आणि रायझोबियमची बीजप्रक्रिया केली.’

दोघांच्या घरी सोयाबीन सारखंच. पण दुसऱ्याचं बोलणं ऐकून समोरच्याला कळतं, की या पोराने काम केलं आहे, आकडे लक्षात ठेवले आहेत आणि कारण देऊन बोलायची याला सवय आहे. छाप पडते ती अशी.

हे आकडे खरेच असले पाहिजेत. एकरी दहा क्विंटल झालं असेल तर दहाच सांगावं. वाढवून सांगितलं की पुढचे दोन प्रश्न त्यावरच येतात आणि खोटं उघडं पडतं. मुलाखत घेणारा बहुतेक वेळा याच धंद्यात मुरलेला असतो. सात क्विंटल झालं आणि फुलोऱ्यात पावसाने ताण दिला, असं सरळ सांगणारा मुलगा त्याला जास्त भावतो.

हमखास येणारे प्रश्न

शेतीशी संबंधित नोकरीत प्रश्न फार अवघड नसतात. पण ते पाठांतराचे नसून हिशोबाचे असतात. काही नमुने देतो. घरी बसून सोडवून पाहा.

युरियाच्या एका पिशवीत नत्र किती? पिशवी ४५ किलोची आणि युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. पुष्कळ जण अजून ५० किलोच्या जुन्या पिशवीचा हिशोब सांगतात आणि तिथंच अडकतात.

औषधाचं प्रमाण १० लिटर पाण्याला ३ मिली असेल तर १५ लिटरच्या पंपाला किती? साडेचार मिली. हा प्रश्न सोपा वाटतो, पण ‘झाकणभर’ औषध टाकायची सवय असलेला पोरगा इथं गडबडतो.

बियाण्याच्या पिशवीवरच्या टॅगचे रंग सांगा. पैदासकार बियाण्याला पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवा. कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगाच्या चिन्हाचा अर्थ काय? लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. कृषी सेवा केंद्रात काम मागायला जाणाऱ्याला हे दोन्ही यायलाच हवं.

कपाशीत गुलाबी बोंडअळीची फवारणी कधी करायची? ‘अळी दिसली की’ हे उत्तर अपुरं. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले किंवा फुलं-बोंडांचं नुकसान दहा टक्क्यांवर गेलं की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, हे उत्तर पुरं.

ठिबकच्या कामासाठी जाणार असाल तर, एक एकरात पाच फुटांवर लॅटरल टाकायची झाली तर नळी किती लागेल? एकराचे ४३,५६० चौरस फूट. भागिले पाच, म्हणजे ८,७१२ फूट, सुमारे २,६५५ मीटर. दुधाच्या कामासाठी फॅट आणि एसएनएफ म्हणजे काय, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे प्रमाण का धरतात, एवढं तरी सांगता आलं पाहिजे.

ज्या कंपनीत जायचं तिचा माल आपल्या तालुक्यात कोण विकतं, शेतकरी त्याबद्दल काय म्हणतात, हे आदल्या दिवशी कृषी सेवा केंद्रात जाऊन विचारून यावं. चार शेतकऱ्यांचं मत ऐकून गेलेल्या मुलाचं बोलणं वेगळंच वजन धरतं.

एक प्रश्न मात्र विचार करून ठेवावा

‘आमचं बियाणं उगवलं नाही, शेतकरी चिडून बसला आहे, तू काय करशील?’ हा प्रश्न बरेच जण विचारतात. कंपनीला खूश करायचं म्हणून मुलं सांगतात, ‘शेतकऱ्याला समजावीन की त्याचीच चूक आहे, बियाणं चांगलंच आहे.’ हे उत्तर चुकीचं आहे आणि बाणेदार माणसाला शोभत नाही.

योग्य उत्तर असं : आधी शेतावर जाईन, किती क्षेत्रावर उगवण कमी आहे ते पाहीन. पेरणी कधी झाली, ओल किती होती, बी किती खोल पडलं ते विचारीन. पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवायला सांगीन. फोटो काढून त्याच दिवशी वरिष्ठांना कळवीन. शेतकऱ्याला तक्रार करायची असेल तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी करता येते, हे त्याच्यापासून लपवणार नाही. कारण कळेपर्यंत कोणालाही दोष देणार नाही.

असं उत्तर दिल्याने एखादी कंपनी नाराज झाली तर ती नोकरी न मिळालेली बरी. दुबार पेरणीचा खर्च काय असतो हे आपल्या घरात आपण पाहिलेलं आहे. ज्या गावात आयुष्य काढायचं, तिथं एकदा शब्द गेला तर पगाराने तो परत येत नाही.

माहीत नसेल तर आणि इंग्रजी आलं तर

एखादा प्रश्न येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही, सर, पण माहिती करून घेईन’ असं स्पष्ट सांगावं. त्याच्या जवळचं काही माहीत असेल तर तेही सांगावं. ‘डाळिंबावर काम केलं नाही, पण लिंबाची बाग सांभाळली आहे.’ यात कमीपणा काही नाही. गप्प बसणं आणि थाप मारणं, दोन्ही वाईट.

इंग्रजीचा बाऊ करू नये. नाव, गाव, शिक्षण आणि केलेलं काम एवढं चार-पाच सोप्या वाक्यांत इंग्रजीत सांगता येईल अशी तयारी ठेवावी. पुढचा प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगावं. ‘मराठीत सांगितलं तर चालेल का?’ अशी नम्रपणे परवानगी घ्यावी. मराठीतही आपली बोली बदलायची गरज नाही. फक्त सावकाश, पूर्ण वाक्यात आणि समोर पाहून बोलावं. गावचा पोरगा असल्यासारखं बोलला म्हणून शेतकी कामावरून कुणाला काढत नाहीत.

घरून निघण्यापूर्वी

कपडे नवे नसले तरी चालतील, धुतलेले आणि इस्त्री केलेले असावेत. तंबाखू, गुटखा, मावा त्या दिवशी खिशातसुद्धा नको. तोंड उघडलं की वास येतो आणि दात दिसतात. मोटारसायकल चालवायचं काम असेल तर लायसन्स सोबत हवं. फिल्डच्या नोकरीत हा कागद मार्कशीटइतकाच महत्त्वाचा आहे.

मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच वेगवेगळ्या फाइलमध्ये लावावेत. बायोडाटा एक-दोन पानांचा पुरे. त्यात शेतावर केलेलं काम ‘अनुभव’ म्हणून लिहावं. पहिल्या एस.टी.ने निघावं. गाडी चुकली तर दुसरी केव्हा आहे तेही आधी पाहून ठेवावं. उशीर होणारच असेल तर आधी फोन करून कळवावं.

आजकाल पहिली फेरी मोबाइलवर व्हिडिओ कॉलने होते. गावात रेंज कुठं लागते ते आदल्या दिवशी त्याच वेळेला तपासावं. घरात लागत नसेल तर ग्रामपंचायत कार्यालयाची किंवा शाळेची एखादी खोली तासभर मागून घ्यावी. मोबाइल हातात न धरता कशाला तरी टेकवून ठेवावा. मागे गोठा दिसला तरी बिघडत नाही, पण मागे माणसं बोलत असतील तर बिघडतं.

मुलीसोबत जाणाऱ्या वडिलांसाठी

कृषी पदविका आणि पदवी घेणाऱ्या मुलींची संख्या चांगली वाढली आहे. माती परीक्षण प्रयोगशाळा, रोपवाटिका, बियाणे कंपनीचे प्लॉट, शेतकरी उत्पादक कंपनी, दूध संकलन अशा ठिकाणी त्या उत्तम काम करतात. पण मुलाखतीला वडील किंवा भाऊ सोबत येतात आणि प्रश्न मुलीला विचारला की उत्तर तेच देतात. सोबत जरूर जावं, पण बाहेर बसावं. कामाची वेळ, फिरती, राहण्याची सोय आणि सुरक्षितता याबद्दल मुलीनेच विचारलं पाहिजे. घरात काय चालेल, काय नाही, हे आदल्या रात्री बोलून ठरवावं. टेबलावर बसून ते ठरत नाही.

पगाराचं बोला, पैसे भरू नका

शेवटी ‘तुला काही विचारायचं आहे का?’ असं म्हणतात. ‘नाही सर’ म्हणून उठू नये. कामाचा भाग कोणता, पेट्रोलचा खर्च वेगळा मिळतो का, विक्रीचं टार्गेट किती, उधारीची वसुली आपल्याकडे आहे का, प्रशिक्षणाचा काळ किती आणि पगार कोणत्या तारखेला, हे विचारणं तुमचा हक्क आहे. वसुलीचा प्रश्न तर नक्कीच विचारावा. हे आधी न विचारल्याने स्वतःच्या पगारातून डीलरची उधारी भरलेली पोरं पाहायला मिळतात.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नोकरी देण्यासाठी कुणी अनामत, गणवेशाचे, प्रशिक्षणाचे किंवा ‘फाइल चार्ज’ म्हणून पैसे मागत असेल तर तिथून उठावं. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवून येऊ नये. मोबाइलवर ‘तुमची निवड झाली, इतके पैसे पाठवा’ असा निरोप आला तर ती फसवणूकच समजावी. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं. एका दलालाच्या शब्दावर बैल किंवा गुंठे विकणारी घरं आजही आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

गावातील मंडळींनी काय करावं?

वडीलधाऱ्यांनी शेतीचा हिशोब पोरापासून लपवू नये. बी कोणतं घ्यायचं, फवारणी कधी करायची, माल कधी विकायचा, यातला एक तरी निर्णय त्याच्यावर किंवा तिच्यावर सोपवावा. निर्णय घेतल्याशिवाय बोलण्यात नेमकेपणा येत नाही.

सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि कृषी सहायक यांनी मनावर घेतलं तर महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीत सरावाची मुलाखत घेता येईल. खर्च काही नाही. तीन खुर्च्या आणि एक टेबल. गावातला एखादा निवृत्त शिक्षक, एखादा दुकानदार आणि एखादा प्रगतिशील शेतकरी प्रश्न विचारायला बसवावा. पोरं पहिल्यांदा हसतील, लाजतील, दुसऱ्या वेळी बोलतील.

हा सराव गावच्या कामालाही येतो. पोलीस पाटील भरतीत ८० गुणांच्या लेखी परीक्षेनंतर २० गुणांची तोंडी परीक्षा असते. तिथंही गावाची माहिती, शिवेवरची गावं, ओढे-नाले, जत्रा, वाद आणि पोलीस पाटलाची कर्तव्यं, हेच विचारतात. आपलं गाव ज्याला शब्दांत सांगता येतं, तोच तिथं पुढं जातो.

मुलाखत झाल्यावर बसस्टँडवरच वहीत विचारलेले प्रश्न लिहून काढावेत. निवड नाही झाली तरी पुढच्या खेपेला तेच प्रश्न थोड्याफार फरकाने येतात. एका मुलाखतीवरून पोराची लायकी ठरवू नये, त्याने स्वतः नाही आणि घरच्यांनीही नाही.

येत्या रविवारी वडील आणि पोरगं किंवा पोरगी मिळून शेताचा तो एक कागद लिहायला बसा. जमीन किती, पाणी किती, पेरलं काय, पिकलं किती, हातात काय आलं. मग ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणायची वेळ येणार नाही. सांगण्यासारखं पुष्कळ असेल.